आगीचा दोरा

आमची वहिनी महागड्या गाड्यांच्या सीटा शिवते, असं सांगितलं की लोक आधी हसतात. सीटा कारखान्यातूनच येतात की, म्हणतात. येतात ना. पण ज्यांच्याकडे पैसा उतू जातो त्यांना कारखान्यातलं चालत नाही. त्यांना आपली गाडी आतून थेट रेसच्या गाडीसारखी हवी असते, आणि मग ते वहिनीच्या वर्कशॉपची पायरी चढतात.

या लोकांच्या नखऱ्यांवर वहिनीनं आम्हाला पोट धरून हसवलंय. रेसच्या गाडीत वजन वाचावं म्हणून दाराला मुठीऐवजी कापडाची पट्टी असते. ती ओढली की दार उघडतं. गिऱ्हाईक हौसेनं तीच पट्टी लावून घेतं आणि मागे ढोलाएवढे स्पीकर बसवतं. रेसच्या सीटला खांद्यापाशी दोन भोकं असतात, त्यातून पट्टे येतात. यांना नुसती भोकं पुरतात. यातला तिचा खास आवडता म्हणजे एक दातांचा डॉक्टर. त्यानं स्टिअरिंगवर सुएडचं मऊ चामडं चढवून घेतलं आणि वर मधोमध लाल खूण शिवून घेतली. वळणातून बाहेर पडताना चाकं सरळ झाली की नाही, हे रेसवाल्याला कळावं म्हणून ती खूण असते. "हा बाबा घर ते दवाखाना एवढंच जातो," वहिनी म्हणायची, "आणि मध्ये वळण एकच आहे."

आता हसण्यापलीकडची गोष्ट. वर्कशॉपच्या मालकाची स्वतःची एक रेसची गाडी आहे, आणि ती चालवते वहिनीची लेक, म्हणजे माझी भाची. आम्ही तिला चिमणी म्हणतो. माझा भाऊ गेल्यापासून घरात आम्ही तिघीच. चिमणी पहिल्यांदा शर्यतीत उतरली तेव्हा वहिनीनं अबोला धरला. मग एक दिवस स्वतःहून म्हणाली, "बघायला मी येणार नाही. पण तुझी सीट मीच शिवणार." तिनं दोन्ही शब्द पाळले.

रेसच्या सीटचं कापड सहज पेट घेत नाही, आणि दोराही तसाच लागतो. वर्कशॉपमध्ये त्याला आगीचा दोरा म्हणतात. साधा दोरा आगीत वितळतो, शिवण उलगडते, आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. मी दवाखान्यात नर्स आहे. चिकटलेलं सोडवताना माणूस काय करतो ते मी पाहिलंय, म्हणून या विषयावर मी घरात कधी बोलत नाही. दोन्ही दोरे लालभडक, दिसायला सारखेच. म्हणून वहिनी आगीच्या दोऱ्याच्या रिळाला पांढरी चिंधी बांधते.

त्या रविवारी दुपारी चिमणीची शर्यत होती. ती सकाळीच ट्रॅकवर गेली होती. माझ्या पर्सचा पट्टा तुटला होता, म्हणून मी वहिनीच्या मागे भुणभुण लावली. तिनं कामाची पिशवी उघडली आणि तिचा हात तिथेच थांबला. पिशवीत चिंधी बांधलेलं लाल रीळ होतं, आणि ते भरलेलं होतं.

"सीट शिवली तर हे निम्मं व्हायला हवं होतं," ती म्हणाली. मग खाली बसली. दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून तिनं रीळ पिशवीत टाकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर लाल रीळ दिसलं ते आपलंच समजून चिमणीची सीट शिवून टाकली होती. त्याला चिंधी आहे का, हे तिनं पाहिलंच नव्हतं.

चिमणीचा फोन बंद. मालक उचलेना. मी स्कूटर काढली. वहिनी मागे बसली ती पायात घरातल्या चपला आणि हातात छोटी कात्री घेऊन. वाटेत मी सिग्नल तोडला आणि तिनं मला आणखी जोरात चालव म्हणून सांगितलं.

गाड्या उभ्या करतात त्या गॅरेजमध्ये इतका आवाज होता की कोण काय बोलतंय कळत नव्हतं. चिमणी हेल्मेट काखेत धरून उभी होती. वहिनी थेट गाडीत वाकली आणि सीटची शिवण उसवू लागली. मालक ओरडत धावत आला. तिनं बोटभर दोरा ओढून काढला आणि तो जाळून बघायला तशीच बाहेर निघाली, कारण पेट्रोलजवळ कुणी लायटर पेटवू देणार नव्हतं. आम्ही सगळे तिच्या मागे, टायरांच्या ढिगापलीकडे. एका मेकॅनिकनं लायटर दिला. वहिनीनं दोरा धरला आणि लायटर मी पेटवला.

साधा दोरा असता तर वितळून टोकाला मणी धरला असता. दोरा काळा पडला. मणी झाला नाही. मी लायटर विझवला तेव्हा वहिनीनं ते काळं टोक चिमटीत धरलं, आणि त्याची भुकटी झाली. जीव भांड्यात पडला. वहिनी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही.

"पण रीळ तर माझ्याकडे होतं," ती डोळे पुसत म्हणाली.

मालक इकडेतिकडे बघू लागला. दातांच्या डॉक्टरानं हट्ट धरला होता, की दोरासुद्धा रेसच्याच गाडीचा हवा. मालकानं त्याच्यासाठी आगीच्या दोऱ्याचं दुसरं रीळ आणून गुपचूप मशीनवर लावून ठेवलं होतं.

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही हसला असता," मालक म्हणाला.

आणि खरंच, ती हसली असतीच, आठवडाभर.

उसवलेली शिवण मात्र तशीच होती. सगळ्यांना घाई झाली होती, पण वहिनीला घाई करायची कुणाची छाती झाली नाही. ती गाडीत गुडघ्यांवर बसली आणि हातानं टाके घातले. चिमणी टॉर्च धरून उभी होती. गाडी बाहेर पडली तेव्हा मी स्कूटरची किल्ली काढली, पण वहिनी हलेना. कठड्याला धरून ती शेवटपर्यंत उभी राहिली, आणि बहुतेक वेळ डोळे मिटून.

चिमणीचा नंबर काही आला नाही. गाडी परत येऊन थांबली. रेसच्या गाडीचं स्टिअरिंग काढल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. चिमणीनं ते खटकन काढलं, कठड्याशी आईला पाहिलं, आणि शाळेतून आल्यावर दप्तर द्यायची तसं ते तिच्या हातात दिलं.

वहिनीनं ते पोटाशी धरलं.

"हात धू," ती म्हणाली, "आणि आधी काहीतरी खाऊन घे."