मैनाताईच्या परीक्षा

माझी थोरली बहीण बोलायची ते समोरच्याचंच बोलणं. "जेवलीस का?" म्हटलं की ती भिंतीकडे बघत म्हणायची, "जेवलीस का?" तेही विचारणाऱ्याच्याच सुरात. बेलापुरातली पोरं तिला मैना म्हणत आणि खडे मारून बोलायला लावत. शिवी दिली की तीच शिवी परत यायची, मग पोरं खिदळत. पुढं घरातही तेच नाव रुळलं.

तिला आवडायचं ते फुटक्या बांगड्यांच्या काचा रंगाप्रमाणे लावत बसणं. तेव्हा ती गुणगुणायची. वेणी मात्र माझ्याच हातून घालून घ्यायची. दुसऱ्या कुणी केसांना हात लावला की किंचाळायची.

ती वयात आली तेव्हा, दुष्काळाच्या आदल्या साली, बापूंनी, आमच्या वडलांनी, तिला नगरच्या एका डॉक्टरांकडे नेलं. मीही सोबत होते. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे टाळी वाजवली, चित्रं दाखवली. मग विचारलं, "गाय काय देते? दूध का अंडं?"

"का अंडं," ताई म्हणाली.

डॉक्टर हसले. "ऐकू येतंय. डोक्यानं मंद आहे. लग्न करून टाका, संसारात पडली की सुधारेल."

आईनं ते मनावर घेतलं. रोज दुपारी डोक्याला टॉवेल गुंडाळून ती मुलाचा बाप व्हायची. नाव काय, वय काय, स्वयंपाक येतो का. ताईनं प्रश्नच परत म्हटला की मांडीला चिमटा. मांड्या काळ्यानिळ्या झाल्या, पण उत्तरं पाठ झाली. अकोले तालुक्यातले पाहुणे आले. त्यांनी तेच विचारलं, तिनं पाठ केलेलं सांगितलं. "लई गरीब पोर हाय," ते म्हणाले. आई आनंदानं रडली.

दुष्काळात तिचा सासरा तिला एसटीनं घेऊन आला. ओट्यावर पाणीसुद्धा प्यायला नाही. "येडी बांधली आमच्या गळ्यात. तुमची तुमी ठिवा," म्हणाला आणि गेला. ताईचे दोन्ही तळवे भाजलेले होते.

"कुनी केलं गं हे?" आईनं विचारलं.

ताईनं भिंतीकडे बघत, आम्ही कधी न ऐकलेल्या एका बाईच्या आवाजात सांगितलं, "उलटून बोलती व्हय गं? ठेव हात तव्यावर. ठेव!"

दिवसभर ती तेवढंच म्हणत राहिली. दुसऱ्या दिवशीही. बापू भिंतीवर डोकं आपटून म्हणाले, "गप करा तिला कुनीतरी." आठवडाभरानं ते तिला पुण्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवून आले. तिथं नाव विचारल्यावर तिनं नाव, वय आणि "स्वयंपाक येतो" असं एका दमात सांगितलं म्हणे.

वर्षानं मला पाहायला आले. पोहे खाता खाता नवऱ्यामुलाच्या आत्यानं विचारलं, "हिच्या मागंपुढं भावंडं कोन हाईत?"

"कुनी न्हाई," आई म्हणाली. "ही एकलीच." आणि तिनं आत्याबाईंना आणखी पोहे वाढले.