विकतचं रडं

बरा पगार असून विकतचं रडं घरी आणणारा माणूस आमच्या दांडीच्या कोळीवाड्यात आजवर एकच झाला, आणि तो नेमका माझा भाडेकरू. साताऱ्याकडचा, बोईसरच्या कारखान्यात मशिनी दुरुस्त करायचा. मुंबईत रशियन पुस्तकांचं प्रदर्शन लागलं की लोक पोरांना चित्रांची पुस्तकं आणत, हा ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या आणायचा. त्यांत वाजवणारी चार माणसं, लहानमोठी व्हायोलिनं, आणि चौघांच्याही घरी जणू सुतक. तबकडी पुसायला मऊ मलमल. स्वतःचा सदरा मात्र आठवडाभर तोच. एकदा मला म्हणाला, "तात्या, बोंबील जरा लांब वाळवा ना, खोलीत वास भरतो." मी म्हटलं, "तुमचं रडं ऐकून आमचे बोंबील वाळत नाय, ते आमी बोललो काय?" हसला. म्हणाला, "त्यांच्या रशियात मोठ्यानं रडायचीही चोरी होती, तात्या. म्हणून हे असं दाबून."

तशी चोरी आमच्यातही आहे. बोट दर्यात असेपर्यंत घरात रडायचं नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर वारा फिरला आणि माझ्या पोराची बोट, चौघांसकट, दोन दिवस उलटले तरी आली नाही. बायको उंबऱ्यावर कोरड्या डोळ्यांनी बसून. तिसऱ्या दुपारी भाडेकरू दोन दिवस कारखान्यातच पाळ्यांवर पाळ्या करून आला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. दार लोटलं आणि तबकडी लावली. भिंतीतून ते रडं गल्लीत गेलं, आणि शेजारीण ऊर बडवत धावत आली, "अगो बाय, गेला काय गो तुजा पोर!" मागून अर्धी आळी. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, मला कळलंय आणि मी लपवलंय. ती नजर मी विसरलो नाही. मी लाथेनं त्याच्या खोलीचं दार उघडलं. "बंद कर! माजा पोर अजून दर्यात हाय!"

तो घाईनं सुई उचलायला गेला, ती खरकन ओढली गेली. बाहेर येऊन बायकांसमोर हात जोडले, "चूक माझी. कुणी गेलेलं नाही." मग उपाशीपोटी आमच्यासोबत किनाऱ्यावर उभा राहिला. संध्याकाळच्या भरतीला शेजारच्या मुरबे गावच्या एका बोटीनं आमची बोट ओढत आणली. मशीन बंद, चौघं जिवंत. तो बायकोला हळूच म्हणाला, "आता रडा, काकू." आणि ती अशी रडली की त्याच्या तबकड्यांनी लाजावं.

पुढं तो तबकडीच्या पेटीला कान लावून, एवढ्याशा आवाजात ऐकायचा. मी माफी मागितली नाही. तो माझा स्वभाव नाही. बदली होऊन गेला, तेव्हाही एक गोष्ट विचारायची राहिली. विचारणार तरी कुठल्या तोंडानं? तबकडी मीच मध्येच बंद करवली होती. अजून बोंबील उलटताना तो सूर मध्येच तुटल्यासारखा कानात येतो. तबकडीतली ती चौघं शेवटी किनाऱ्याला लागली की नाही, कोण जाणे.