पेटलेली गंजी, एकच टेक

नातीनं मोबाईलवर तोच व्हिडिओ पाचव्यांदा घेतला, तेवढ्यात बांधावरून जळक्या पेंढ्याचा वास आला.

फार वर्षांपूर्वी किकवीला आमच्या रानात सिनेमाचं शूटिंग होतं. पेंढ्याची गंजी एकदाच पेटणार, रीळही शेवटचं. कट म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही, असं दिग्दर्शकानं बजावलेलं. वारा फिरला. ठिणग्या आमच्या गोठ्यावर पडू लागल्या, तरी शूटिंग बिघडंल म्हणून अख्खं गाव जागच्या जागी उभं. नुसती कॅमेऱ्याची घरघर.

"आरं, वासरू बांधलंय तितं," म्हणत घोळक्यातली आई कॅमेऱ्यासमोरूनच धावली.

दुसरं रीळ नव्हतं, म्हणून सिनेमात तेच राहिलं. आता आई नाही. तिचं हलतं चित्र तेवढंच. ती धुरात शिरते आणि दृश्य संपतं. वासराला घेऊन ती बाहेर आली होती, ते त्यात नाही.