शेवटचा बाक

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जेद्द्याच्या बलद भागात एका साम्राज्याचा दुसऱ्यांदा अंत झाला, आणि त्या वेळी प्रस्तुत लेखक चहाचा कप हातात घेऊन जातीने हजर होता.

बलद म्हणजे जुनं जेद्दा. वर लाकडी सज्जे, खाली अत्तराची दुकानं. माझ्या हॉटेलच्या काउंटरवर श्रीवर्धनचे दाऊदभाई. पासपोर्टावर ‘चिपळूण’ वाचलं आणि त्यांनी मला न मागता हवेशीर खोली दिली. इथे याला वास्ता (वशिला) म्हणतात.

शेजारच्या खोलीत गुलनोराबाई. उझबेकिस्तानातल्या निवृत्त शिक्षिका, उमऱ्याच्या (मक्केच्या यात्रेच्या) जथ्याबरोबर आलेल्या. गावाहून आणलेला नोन (नक्षीदार जाड रोटी) रोज सकाळी आम्हा दोघांना मोडून द्यायच्या. त्या बोलायच्या त्यांच्या भाषेत. त्यांच्या फोनवरचं बोलतं भाषांतर दाऊदभाईंनी मराठीवर लावून दिलं होतं. त्यांच्या गावात पूर्वी शेतं, गिरणी सगळं सामायिक. ते सोव्हिएत साम्राज्य कोसळलं आणि गिरणी बाईंच्याच विद्यार्थ्याने, रुस्तमने, मातीमोल भावात उचलली. तोही याच जथ्यात होता, फक्त समोरच्या काचेच्या हॉटेलात.

मदिन्याला निघायच्या सकाळी जथ्याची बस बंद पडली. इतरांना घाई नव्हती. बाईंना मात्र तिथल्या मशिदीत प्रार्थनेची वेळ मिळाली होती ती त्याच संध्याकाळची. हुकली तर या जन्मी पुन्हा येणं नव्हतं. रुस्तमशेठची स्वतंत्र मोटार ठरलेली होती. बाईंनी विचारलं. तो म्हणाला, बॅगा आहेत, जागा नाही.

बाई पायरीवर बसल्या.

“तीन दिस बाईंचा नोन खाल्लाय वो आपण,” दाऊदभाई मला म्हणाले आणि गावच्या ग्रुपवर निरोप टाकला. माझा चहा संपायच्या आत म्हसळ्याच्या कुणाच्या तरी भाच्याची व्हॅन दारात उभी राहिली. मदिन्याला मसाल्याचे खोके न्यायला निघालेली. “यल्ला (चला), बाई!”

इतक्यात रुस्तमशेठ घामाघूम होऊन आला. त्याच्या मोटारवाल्याने ऐनवेळी टांग मारली होती. बड्या बड्या लोकांची नावं घेऊन झाली. दाऊदभाईंनी रजिस्टरातून मानही वर केली नाही.

“शेठ, गाडी बाईंची. त्यांना विचारा.”

परत आल्यावर सगळे विचारतात, सौदीत भव्य काय पाहिलंस? मी सांगतो, एक व्हॅन, आणि तिच्या दाराशी छातीवर हात ठेवून विनवत उभा असलेला एक गिरणीमालक. बाईंनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं, आणि त्या काय बोलल्या ते फोनने भर बोळात खणखणीत मराठीत ऐकवलं:

“रुस्तम, शेवटच्या बाकावर बस. बॅगा मांडीवर घे.”