उसन्या म्हशींची घरपट्टी

माझी सोयरीक ठरली त्याच दिवशी आमची घरपट्टी तिप्पट झाली. दोन्ही गोष्टींना मीच कारणीभूत होतो.

जर्मनची लढाई संपून चारपाच वर्षं झाली असतील. मुंबईच्या एका शेटजींना तिथली हवा मानवेना, म्हणून त्यांनी पौडजवळच्या आमच्या चांदे गावाला, आमच्या शेताला अगदी लागून, बंगला बांधला. ही हवा आम्ही बापजाद्यांपासून फुकट खात होतो आणि तिचं आम्हाला काही वाटत नव्हतं. शेटजींनी ती खाल्ल्याबरोबर गावातल्या दगडाधोंड्यांनाही भाव आला! पाठोपाठ आणखी दोन बंगल्यांचे चौथरे उठले. मग कुणा साहेबाच्या डोक्यात आलं, की ज्या गावाला शेटजी राहायला येतात ते गाव गरीब कसं असेल? नव्यानं आकारणी करा. घर बघा, गोठा बघा, ऐपत बघा आणि पट्टी बसवा. बंगला शेटजींनी बांधायचा आणि शिक्षा आमच्या कौलांना! इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

शेटजींचा मुनीम दर आठवड्याला आमच्या ओट्यावर येऊन बसे. पट्टी वाढली की तुम्हाला झेपायची नाही, बंगल्यालगतचं भाताचं खाचर आत्ताच देऊन मोकळे व्हा, असं तो आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अगदी कळवळून सांगे. आबा ऐकून घेत आणि तो गेला की त्याची बसायची जागा शेणानं सारवून घ्यायला लावत. त्या एका खाचरावर आमचं घर वर्षभर जेवत होतं. पट्टी वाढू द्यायची नाही आणि खाचर सोडायचं नाही, एवढंच आबांच्या डोक्यात होतं.

आता सरकारी माणूस येणार म्हटल्यावर काय करायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. जनावरं डोंगराला हाकायची, पितळेची भांडी पेंढ्याच्या गंजीत दडवायची आणि घरच्या बायांनी ठिगळाची लुगडी नेसायची. मुलीकडचे घर बघायला येणार असले की सगळं उलटं. शेजाऱ्यांच्या म्हशी आपल्या गोठ्यात, शेजाऱ्यांची पातेली आपल्या फळीवर आणि कणगीत खाली पेंढा, वर चार पायल्या तांदूळ. कुणी कुणाचं बिंग फोडत नसे, कारण उद्या त्याच्याही पोराला मुलगी हवी असे.

कासारसाईचे पाहुणे सोमवारी येणार होते आणि आकारणीचा कारकून मंगळवारी. सोमवारी श्रीमंत व्हायचं, रात्रीत भिकारी व्हायचं, असा बेत ठरला होता. पण कारकून सोमवारीच आला. सरकारी माणूस वेळेआधी आलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला.

पाहुण्यांना आणायला मी वेशीवर उभा होतो. मुलीचा बाप आणि मामा येणार, मामा पुण्यात कचेरीत असतो, एवढंच मला माहीत. तट्टावर कोट घातलेला, छत्री उघडलेला माणूस दिसला, मागून एक जण चालत येत होता. झालं! छत्रीखाली मामा, मागे बाप. (बापाला चालवून मेहुणा तट्टावर बसतो याचं मला नवल वाटलं, पण पुणेकर, म्हटलं, असतील असे.) पाहुण्याला गूळपाणी देण्याआधी नावगाव विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी ती कसोशीनं पाळली.

घरी आबा नव्हते. ते पाटलांकडे जाजम उसनी आणायला गेले होते. आई परक्या माणसासमोर येणार नाही. तेव्हा पाहुणचार मीच केला, आणि मन लावून केला.

"एवढ्या सगळ्या म्हशी तुमच्याच?" त्यानं विचारलं.

"व्हय तर. आनि चार डोंगराला गेल्यात."

त्यानं वही काढली. मुलगी द्यायची म्हणजे माणूस लिहून घेणारच, असं मला वाटलं. त्यानं खाचराचं विचारलं. मी सांगितलं, आमचंच आहे, शेटजी रोज आमचा उंबरा झिजवतात, पण आम्हाला पैशाची काय कमी? तो भराभर लिहीत होता. माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे मी आणखी खुललो. म्हशींची नावंही सांगितली. (खरी मला कुठून ठाऊक? बहिणींची सांगितली.)

तेवढ्यात आबा आले. खांद्यावरची जाजम तशीच खाली पडली.

"आरं, ह्यो पौडच्या कचेरीतला कारकून हाय, आनि त्यो त्याचा शिपाई," ते हळूच म्हणाले. "तू ह्याला काय काय सांगितलंस?"

मी सांगितलं. आबा मला मारतील असं वाटलं.

पण त्यांनी कारकुनापुढे हात जोडले आणि खरं सांगून टाकलं. कारकून म्हणाला, गावोगाव सगळ्यांच्या म्हशी उसन्याच असतात. तेव्हा आबांनी आळीतल्या सगळ्यांना हाका मारल्या. लोक धावत आले, अगदी मनापासून आले. शेजारच्या सखूकाकूनं तर पुढे होऊन मोडक्या शिंगाच्या म्हशीच्या पाठीवर हातच ठेवला आणि ही माझी म्हणून ठणकावलं.

कारकुनानं शांतपणे नवं पान उलटलं. "ठीक आहे. ज्याची म्हैस त्याच्या नावावर लिहितो. तुमचं नाव सांगा."

काकूनं हात काढून घेतला.

"माजी म्हस अशीच दिसती," ती म्हणाली. "पर ही न्हवं."

मग एकेकाला आपापली म्हैस ओळखू येईना. पातेल्यांवर नावं घातलेली होती, ती कुणाला वाचता येईनात! माणसं वाईट नव्हती. त्यांचीही खाचरं होती आणि त्यांच्याही ओट्यावर मुनीम बसत होता. संताप करायचा तर त्या वहीवर करायला हवा होता, पण वहीपुढे आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो आणि अंगठा आबांना करावा लागला.

दारात दोन माणसं धुळीनं भरलेल्या पायांनी उभी होती. कासारसाईचे पाहुणे. ते कधी आले कुणाला कळलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलं होतं. मामाच्या अंगात साधी बंडी होती. आबांना तोंड लपवायला जागा उरली नाही.

मुलीच्या बापानं मात्र जाजम स्वतःच उचलून अंथरली, बसला, पाणी मागितलं आणि कारकुनाला विचारलं, "आमच्या गावाला कदी येनार?"

"परवा."

तो पाणी न पिताच उठला.

"मंग मला निगाया पायजे. तुमी पोरगी बघाया येनार म्हून म्या तीन म्हशी आनून बांधल्यात." दाराशी जाऊन तो आबांकडे वळला. "सोयरीक पक्की समजा. मान्सं आपल्यातलीच हायेत."

असं माझं लग्न झालं. घरपट्टी तिप्पट झाली. दोन वर्षं आबांनी ती ओढली. तिसऱ्या वर्षी मुनीम ओट्यावर येऊन बसला तेव्हा त्याला काही बोलावंच लागलं नाही, आणि खाचर गेलं. आता तिथे शेटजींनी हिरवळ केली आहे. जिथे भात पिकायचा तिथे ते गवत पिकवतात, पाणी घालून पिकवतात, आणि ते गुरांनाही घालत नाहीत! ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एकदा राहवलं नाही, बायकोला घेऊन बंगल्याच्या फाटकाशी गेलो. पहारेकऱ्यानं अडवलं. मी तावातावानं त्याला सांगू लागलो, की हे खाचर आमचं, आमच्या पणज्यानं बांध घातलेला, चार पिढ्या आम्ही इथे गुडघाभर चिखलात उभे राहिलो. तो माझ्याकडे बघत दात कोरत राहिला.

बायकोनं मागून माझी बंडी ओढली.

"अवं, चला," ती म्हणाली. "तुमी सांगाल ते लिवून घ्याया ह्यो काय सरकार न्हाई."