उन्हातलं इरलं

“करडी! करडी! अस्वल आलं, दगड उचला!”

ओरडत होता माझा मेहुणा. रामनगरात त्याचं कांद्याबटाट्याचं दुकान आहे आणि गळा असा, की त्यानं कांदा म्हटलं की खानापुरातलं गिऱ्हाईक दचकून उठतं. घाबरला की त्याच्या तोंडातून कन्नड आधी सुटतं, मराठी मागून धावत येतं. रस्त्याच्या कडेला त्याची जीप, जोयड्याच्या बससाठी थांबलेल्या दोन बायका, आणि समोर कापून मोकळ्या झालेल्या भातशेताच्या बांधावरून चार पायांवर डुलत येणारं काळपट, केसाळ जनावर. पहिला दगड चुकला. दुसरा जनावराच्या बरगडीत बसला.

बरगडी माझी होती.

माणसाचं अस्वल कसं झालं ते सांगतो, आणि या वेळी खरं सांगतो.

पावसाच्या तोंडावर आमच्या परसातला फणस पिकला. फणस काढायचा तर झाडावर चढायचं, देठाला दोर बांधायचा आणि हळू खाली सोडायचा. हे मी अख्ख्या गावाला शिकवलंय, न विचारता. त्या दिवशी चढायचा कंटाळा आला म्हणून बांबूच्या टोकाला कोयती बांधली आणि बरोबर फणसाखाली उभा राहून, तोंड वर करून देठ कापत बसलो. फणस वासराएवढा होता. बरं, वासरू राहू द्या, घागरीएवढा होता. देठ तुटल्याचा आवाज ऐकला. त्यानंतरचा आवाज ऐकला तो चार दिवसांनी, बेळगावच्या दवाखान्यात.

शेजारच्या खाटेवरच्या माणसानं विचारलं, काय झालं? त्याचा पाय ट्रकखाली गेला होता. ट्रकखालून आलेल्यापुढं फणस म्हणायला माझी जीभ वळेना. मी म्हणालो, अस्वल.

घरी येईपर्यंत त्या अस्वलाला दोन पिल्लं झाली. दिग्गीला बातमी पोचेपर्यंत मी त्याचा जबडा फाडला होता. कुळगीकडं पाहुण्यांना जंगल दाखवणारा एक जण तर माझं अस्वल आपण स्वतः बघितलं, एका डोळ्यानं आंधळं आहे, असं सांगू लागला. बायकांनी सरपणाची जवळची वाट सोडली आणि मैलभर वळसा घालू लागल्या. मला वाईट वाटलं नाही. खोटं सांगत नाही, अभिमान वाटला.

डोक्याची जखम बुजली. पण घराबाहेर पाऊल टाकलं की डोकं म्हणजे काठोकाठ भरलेली ताकाची घागर. मान जरा वळवली की ताक एका बाजूला आणि मी दुसऱ्या. घरात ठीक असायचं, चार भिंती धरून ठेवायच्या. उंबरा ओलांडला की सुपारीची झाडं वाकायची, पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे पायाखालून पळायचे, आणि उघड्या शेतात तर आभाळच एका अंगाला कलायचं. चक्कर म्हणतात तशी ती नव्हती, काही गरगरायचं नाही. जमीन फक्त मला धरायला तयार नसायची. डॉक्टर म्हणाला होता, मेंदूला मार बसलाय, वर्ष जाईल, जास्तही जाईल. रोज चाला, एका न हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवा, तोल गेला तर पडायच्या आधी बसा.

जंगलात न हलणारी वस्तू शोधून दाखवा. मी आमची रवंथ करत बसलेली म्हैस धरली. तिच्या शिंगांवर नजर रोवून तीस पावलं नीट गेलो, आणि म्हैस उठली. मी शेणात.

गावाला करमणूक मिळाली. पानपट्टीवर एक जण माझ्यासारखा तिरपा चालून दाखवायचा, हुबेहूब, मलाच हसू यायचं. शेजारची म्हातारी रोज अंगणातून विचारायची, जेवताना येत न्हाई व्हय रे चक्कर? कामालाच येती? मी शपथा घेतल्या. पण ज्याच्या अस्वलाला दोन पिल्लं, त्याच्या चकरेवर कोण विश्वास ठेवणार? चार दिवसांत मी पन्नास जणांना अस्वल पटवलं होतं, चक्कर चार महिन्यांत एकाला पटली नाही.

बायकोला पटली होती, हे तिच्या वागण्यावरून कळायचं नाही. लावणीच्या वेळी मी पाटात तोंडावर पडलो. वीतभर पाणी, पण मान उचलता येईना. तिनं केसाला धरून वर काढलं, बांधावर टाकलं आणि पुन्हा लावणीला गेली. रात्री मात्र भावाला फोन केला. दिवाळीनंतर ये आणि यांना दुकानात बसव, गादीवर बसून कांदे तरी मोजतील. मी इथं शेत बघू का यांचं तोंड पाण्यात हाय का ते बघू?

रामनगर! दुकानामागची खोली, वर पत्रा, खाली कांद्याची पोती. या डोंगरात मी आंधळा फिरलो असतो तरी चुकलो नसतो, आणि आता मरेपर्यंत तराजूच्या मागं? मी भांडलो, रुसलो, एक दिवस जेवलोसुद्धा नाही. शेवटी तिनं एवढंच मान्य केलं, की भाऊ येईल त्या दिवशी घरापासून रस्त्यापर्यंत एकटा, न पडता चालून दाखवायचं. पोचलो तर घरी राहायचं. नाही पोचलो तर तिथूनच जीपमध्ये.

झाडीतली वाट जमली असती. पुढचं उघडं शेत कसं ओलांडायचं? तेव्हा ओसरीवर टांगलेल्या इरल्यावर नजर गेली. बांबूच्या कामट्यांवर पानं रचलेलं, डोक्यावरून पार कमरेखाली येणारं, बायका भर पावसात लावणीला घालतात ते. अंगावर घेतलं आणि बाहेर आलो. आभाळ गायब! दोन्ही बाजू बंद, समोर फक्त पायापुढची हातभर जमीन. घर पाठीवर घेऊन निघालो म्हणा ना. आठ दिवस बायकोपासून लपून सराव केला. कुत्री भुंकली, म्हातारीनं विचारलं, उन्हाचा पाऊस पडतोय व्हय? पडू दे म्हटलं.

त्या दिवशी झाडी पार केली. शेताचा बांधही बराचसा पार केला. रस्ता पन्नास पावलांवर असेल, तेवढ्यात वारा आला, इरलं उचललं गेलं आणि सगळं आभाळ एकदम आत शिरलं. ताक कललं. डॉक्टरचं ऐकून मी पडायच्या आधी बसलो. मग म्हटलं, पडलो तर नाही ना? चार पायांवर गेलो तर कोण बघतंय? तसाच रांगत निघालो.

पुढं दगड.

मी ओरडलो, “पावणं, मी हाय!”

“अस्वल पावणं म्हणतंय!” मेहुणा किंचाळला आणि त्यानं जीपचा पाना फेकला.

आरडाओरडा ऐकून बायको घराकडून धावत आली. भावाच्या हातातला दगड काढून घेतला. म्हणाली, “ठेव खाली. आपलंच माणूस हाय.”

मेहुणा घामानं निथळत होता. अक्का, दाजींना ज्यानं मारलं तेच आलं असं वाटलं मला, असं परत परत म्हणत होता. बसच्या बायका तोंडात पदर कोंबून हसत होत्या. कोपरातून रक्त येत होतं, आणि रस्ता मोजून बारा पावलांवर होता. मला वाटलं, आडवं आलं ते माझंच खोटं अस्वल. ते एकदा बाजूला काढलं की उरेल ते खरं, आणि खऱ्या माणसाला ही बारा पावलं माफ होतील. आयुष्यात पहिल्यांदा मी गोष्ट लहान करून सांगितली.

“अस्वल नव्हतंच,” मी तिला म्हणालो. “फणस पडला डोक्यात. चक्कर तेवढी खरी हाय.”

तिनं इरलं माझ्या अंगावरून उतरवलं, झटकलं, काखेत धरलं.

“ठावं हाय,” ती म्हणाली. “तुमी दवाखान्यात हुतासा तवा फोडला त्यो. कापा जातीचा हुता, गोड लागला. बसा जीपमधी.”