गच्चीवरचं तण

लोक गच्चीवर गुलाब लावतात, बाईंनी तण लावलं होतं. सासूबाई आल्यागेल्याला कौतुकानं सांगत, "आमच्या सूनबाई तणाला रोज पाणी घालतात हो, आणि त्याचाच त्यांना पगार मिळतो!"

बाई शेतकी खात्यात तणाच्या सल्लागार. कुणाच्याही शेतावर गेल्या की आधी फवारणीच्या पंपाच्या नोझलखाली मापाचं भांडं धरायच्या, मिनिटाला पाणी किती पडतं ते बघायच्या आणि मगच तोंड उघडायच्या. सगळे त्यांचं ऐकत. ऐकत नव्हता तो फक्त त्यांचा सख्खा मोठा भाऊ. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

तणनाशकाच्या दोन फवारण्या होऊनही दादाच्या शेतात तण मजेत डुलत होतं.

"औषधच बनावट आहे," दादाचा निकाल. "आता तिसऱ्यांदा मारतो, दुप्पट."

"आठ वर्षं एकच औषध मारतोयस. मरणारं मेलं, पचवणारं उरलं. आता तुरे आलेत. बी झडायच्या आत हातानं उपट, नाहीतर हे शेत कितीतरी वर्षं तणाचंच होईल."

"लहानपणी तुझं नाक मी पुसलंय. तू मला शिकवणार?"

बाईंचं डोकं सणकलं. पण त्यांनी वाद घातला नाही, दादाला बाटलीसकट गच्चीवर आणलं. आठ कुंड्यांत एकच तण उगवलं होतं. चार कुंड्यांत दादाच्या शेतातलं गेल्या हंगामाचं बी होतं, चार कुंड्यांत औषध कधीच न पाहिलेल्या माळावरचं. कुठलं कुठे, ते कुंडीच्या बुडाला लिहिलेलं.

"तूच मार, दुप्पटच मार. पण नोझल माझं."

दादाचं नोझल तुंबलं की तो सुईनं टोकरायचा. भोक इतकं ऐसपैस झालं होतं की एका ओळीला अंघोळ आणि दुसरीला उपास. बाईंनी त्याला हातमोजे घालायला लावले, तेव्हाही तो कुरकुरलाच.

बारा दिवसांनी दादा पुन्हा जिना चढला. चार कुंड्या वाळून कोळसा झाल्या होत्या, चार हिरव्यागार. त्यानं एक हिरवी कुंडी उचलून बूड पाहिलं. 'दादा.' दुसरी उचलली. 'दादा.' तिसरी, चौथीही 'दादा.' मग म्हणाला, "बी झडायला किती दिवस आहेत?"

"आठवडा. फार तर."

दुसऱ्या दिवशी सगळं घर शेतात उतरलं. सासूबाईसुद्धा पदर खोचून आल्या. उपटलेलं तण पोत्यांत भरून बांधाबाहेर नेलं, तुरा एकही मागे ठेवला नाही. बाईंची कंबर चार दिवस बोलत होती.

एक हिरवी कुंडी मात्र दादानं मागून नेली. ती आता त्याच्या पंपाच्या खोलीपाशी असते. तुरा दिसला की तो कात्रीनं छाटतो. कुणी दुप्पट डोसाची भाषा केली की कुंडी उचलून बूड दाखवतो. हे बाईंना परवा एका शेतकऱ्याकडून कळलं आणि त्यांना भर रस्त्यात रडू आलं.

"हे नाव माझं," दादा म्हणे सांगतो. "इथे तुमचं यायच्या आत माझ्या बहिणीला बोलवा."